सर्व्हरची खरेदी : ग्रामीण संस्थांनी करावयाचा तौलनिक विचार

"आज सर्व्हर बंद आहे, उद्या या," हे वाक्य ग्रामीण महाराष्ट्रात आता "साहेब दौऱ्यावर आहेत" या वाक्याइतकेच परिचयाचे झाले आहे. सात-बाराचा उतारा असो, पीकविम्याचा अर्ज असो किंवा पतसंस्थेतून काढावयाची रक्कम असो, कोठे तरी एक यंत्र चालू असल्यावाचून ते काम पुढे सरकत नाही. हे यंत्र कोणते, ते कोठे असते, ते विकत घेण्याची वेळ आलीच तर काय पाहावे आणि कशाची तुलना करावी, यांची माहिती मात्र ज्यांच्या सहीने खरेदी होते त्या पदाधिकाऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते. दरपत्रकावरील शेवटचा आकडा तेवढा वाचला जातो. प्रस्तुत लेखात या विषयाचा व्यावहारिक दृष्टीने विचार केला आहे.

उदाहरणासाठी चौसाळ्यासारखे गाव डोळ्यांसमोर ठेवू. बीड तालुक्यातील हे बाजाराचे गाव बालाघाटच्या पठारावर, सोलापूर-धुळे महामार्गावर मांजरसुंब्याच्या पुढे वसले आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वी चौसाळा नावाचा विधानसभा मतदारसंघही होता. अशा गावी मुख्य कार्यालय आणि आसपास पाचसहा शाखा असणारी एखादी सहकारी पतसंस्था आहे, असे समजू. तिच्या सर्व शाखांतील व्यवहार एकत्र नोंदवावयाचे आहेत आणि एका वेळी चाळीस माणसे संगणकावर काम करणार आहेत. संचालक मंडळापुढे सर्व्हर खरेदीचा विषय आला आहे. निर्णय चुकला तर नुकसान कंपनीचे नव्हे, तर ऊसतोडीची उचल किंवा मुलीच्या लग्नाची ठेव ज्यांनी विश्वासाने ठेवली आहे, त्या सभासदांचे होणार आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

संगणकाच्या क्षेत्रात महाराष्ट्र नवखा नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली आणि पुढे शासकीय कार्यालयांत संगणक आला. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच 'सी-डॅक', स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण केलेल्या 'परम रुद्र' महासंगणकांत याच संस्थेने विकसित केलेले 'रुद्र' सर्व्हर वापरले आहेत. त्या तीन महासंगणकांपैकी एक पुणे जिल्ह्यातील महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे.

तथापि ग्रामीण संस्थांना अधिक बोधप्रद असा अनुभव वारणा खोऱ्यातील आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये वारणा सहकारी समूहाच्या परिसरात हाती घेण्यात आला. गावोगावी केंद्रे उघडली, यंत्रे आली. शेती, बाजारभाव, शिक्षण अशी विविध माहिती त्यांतून मिळावी, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात ऊस उत्पादकाला हवी होती ती त्याच्या उसाची वजने, खताचा हिशेब आणि बिलाची तारीख. केंद्रांचा बहुतेक उपयोग याच कामासाठी झाला आणि यंत्रांची देखभाल मात्र जड जाऊ लागली. पुढे काही संशोधकांनी त्यांपैकी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइल संदेशावर हेच काम करून पाहिले आणि ते कमी खर्चात होते, असा निष्कर्ष २००७ मध्ये मांडला. यातून मिळणारा धडा असा की, प्रथम काम ठरवावे आणि मग यंत्र. यंत्र आधी आले तर काम त्याच्यामागे फरपटत जाते.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हा मूलतः संगणकच होय. फरक एवढाच की, टेबलावरील संगणक एका माणसाचे काम आठ तास करतो, तर सर्व्हर अनेकांचे काम रात्रंदिवस, वर्षानुवर्षे करतो. यास्तव त्याचे भाग अधिक टिकाऊ असतात. त्याच्या स्मृतीत म्हणजे रॅममध्ये एखादा अंक चुकून पालटला, तर ती चूक ओळखून दुरुस्त करण्याची 'ईसीसी' नावाची सोय असते. पैशाच्या हिशेबासाठी ती अत्यावश्यक होय. साठवणुकीच्या तबकड्या आणि वीजपुरवठ्याचे संच यंत्र चालू असतानाच बदलता यावेत, अशीही रचना पुष्कळ सर्व्हरमध्ये केलेली असते.

रचनेनुसार सर्व्हरचे तीन प्रकार पडतात. उभ्या पेटीचा तो टॉवर सर्व्हर. लोखंडी मांडणीत आडवा सरकवून बसविता येतो तो रॅक सर्व्हर. एकाच मोठ्या चौकटीत पात्यांप्रमाणे अनेक यंत्रे खोचावयाची तो ब्लेड सर्व्हर. शेवटचा प्रकार मोठ्या माहिती केंद्रांसाठी असल्यामुळे येथे त्याचा विचार नको.

रॅकचे माप जगभर ठरलेले आहे. त्याची रुंदी १९ इंच असते आणि उंची 'यू' या एककात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर. पूर्ण उंचीचा रॅक साधारणतः ४२ यूंचा असतो. खोलीकडे, म्हणजे रॅकच्या पुढून मागे असणाऱ्या अंतराकडे, मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. नेटवर्कच्या उपकरणांसाठी भिंतीवर जी छोटी पेटी लावतात, ती ४५० ते ६०० मिलिमीटर खोल असते. रॅक सर्व्हर त्याहून लांब असतो आणि त्यासाठी सुमारे १,००० मिलिमीटर खोलीचा, जमिनीवर उभा राहणारा रॅक लागतो. या मापाची नोंद मागणीपत्रात नसेल, तर आलेले यंत्र टेबलावर पडून राहते.

रॅक की टॉवर?

आपल्या पतसंस्थेला रॅक सर्व्हर हवाच काय, हा पहिला प्रश्न होय. एकच यंत्र घ्यावयाचे असेल आणि स्वतंत्र खोली नसेल, तर टॉवर सर्व्हर पुरेसा असतो. त्याचे पंखे मोठे असून आवाज कमी करतात. एक यू उंचीच्या रॅक सर्व्हरमध्ये लहान पंखे अतिशय वेगाने फिरवावे लागतात. तो व्यवस्थापकाच्या दालनात ठेवला, तर तेथे बोलणे अशक्य होते. याउलट दोन सर्व्हर, स्विच, साठवणुकीचे उपकरण आणि यूपीएस अशी पाचसहा उपकरणे एकत्र ठेवावयाची असतील, तर रॅक हाच मार्ग सोयीचा. सर्व काही एका कुलूपबंद कपाटात राहते, तारा नीट बांधता येतात आणि कोणाचा पाय लागून बटण बंद होत नाही.

तीन कंपन्या, एकच गोष्ट

बाजारात डेल, एचपीई आणि लेनोव्हो या तीन नावांची दरपत्रके बहुधा येतात. डेलच्या सर्व्हरमालिकेचे नाव 'पॉवरएज'. एचपीईची 'प्रोलायंट' मालिका मुळात कॉम्पॅक कंपनीची असून २००२ च्या विलीनीकरणाने ती ह्युलेट-पॅकार्डकडे आली. लेनोव्होने २०१४ मध्ये आयबीएमचा या वर्गातील सर्व्हरचा व्यवसाय घेतला आणि आज त्यांची मालिका 'थिंकसिस्टिम' या नावाने ओळखली जाते.

दोन यू उंचीच्या, २०२३ मध्ये बाजारात आलेल्या पिढीतील तीन यंत्रे शेजारीशेजारी ठेवून पाहू. पॉवरएज आर-७६०, प्रोलायंट डीएल-३८० जेन-११ आणि थिंकसिस्टिम एसआर-६५० व्ही-३. तिन्हींत इंटेलच्या झिऑन जातीचे दोन प्रोसेसर बसतात. तिन्हींत रॅमसाठी ३२ खाचा आहेत. तिन्हींना दोन वीजपुरवठा संच लावता येतात. म्हणजे सर्वसाधारण हिशेबाच्या कामासाठी नावापलीकडे त्यांच्यात मोठे अंतर नाही. खरे अंतर पडते ते यंत्राच्या वर्गात. याच कंपन्यांची एक यू उंचीची आणि एक प्रोसेसरची छोटी यंत्रे, म्हणजे पॉवरएज आर-३६०, प्रोलायंट डीएल-२० जेन-११ आणि थिंकसिस्टिम एसआर-२५० व्ही-३, ही जास्तीत जास्त आठ गाभ्यांच्या प्रोसेसरवर आणि रॅमच्या चार खाचांवर चालतात. चाळीस माणसांच्या पतसंस्थेचे काम अशा छोट्या यंत्रावर पुष्कळदा होऊन जाते. मोठ्या वर्गाचे यंत्र घेणे म्हणजे दोन एकर शेतीसाठी मोठा ट्रॅक्टर घेण्यासारखे आहे. ते चालते, पण बहुतेक दिवस उभेच राहते.

यास्तव तुलना सुरू करण्यापूर्वी ज्या कंपनीची हिशेबप्रणाली वापरावयाची आहे, तिच्याकडून किती गाभे, किती रॅम आणि किती साठवणूक लागते, हे लेखी घ्यावे. त्यात पुढील पाच वर्षांच्या वाढीची भर घालावी. रॅमच्या काही खाचा रिकाम्या राहतील, अशी मांडणी मागावी. गाभे गरजेपेक्षा अधिक घेण्यात आणखी एक छुपा खर्च आहे. विंडोज सर्व्हरसारख्या प्रणालीचा परवाना गाभ्यांच्या संख्येवर आकारला जातो आणि एका सर्व्हरला किमान सोळा गाभ्यांचा परवाना घ्यावाच लागतो. त्यावरील प्रत्येक वाढीव गाभ्याचे पैसे वेगळे. लिनक्सवर चालणारी हिशेबप्रणाली उपलब्ध असेल, तर हा खर्च वाचू शकतो. मात्र ती सांभाळणारा जाणकार हाताशी हवा.

तबकड्या आणि नक्कल

सर्व्हरमधील सर्वांत मोलाची वस्तू प्रोसेसर नसून तबकड्यांवरील नोंदी ही होय. एक तबकडी बिघडली तरी काम अडू नये, म्हणून अनेक तबकड्या एकत्र गुंफण्याची 'रेड' नावाची पद्धत आहे. चार टेराबाइटच्या चार तबकड्या घेतल्या, तर 'रेड ५' मध्ये १२ टेराबाइट जागा मिळते आणि एक तबकडी गेली तरी चालते. 'रेड ६' मध्ये ८ टेराबाइट मिळते आणि कोणत्याही दोन तबकड्या गेल्या तरी निभावते. 'रेड १०' मध्येही ८ टेराबाइटच मिळते, परंतु लिहिण्याचा वेग चांगला असतो. सतत नोंदी होणाऱ्या हिशेबाच्या कामासाठी 'रेड १०' किंवा दोन तबकड्यांची साधी जोडी, म्हणजे 'रेड १', बरी पडते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. रेड म्हणजे नक्कल नव्हे. दोन कारकुनांनी एकाच वेळी दोन रोजकीर्दींत तीच नोंद करावी, तसा हा प्रकार आहे. एका वहीला वाळवी लागली तर दुसरी वाचते. परंतु नोंदच चुकीची झाली किंवा कोणी हेतुतः खोडली, तर ती दोन्ही वह्यांत खोडली जाते. यास्तव तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक प्रत गावाबाहेर, हा नियम पाळावा. तसेच तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून नोंदी परत उभ्या करून पाहाव्यात. न तपासलेली नक्कल ही न मोजलेल्या रोकडीसारखीच असते.

या काळजीचे महत्त्व दोन घटनांवरून ध्यानात येईल. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या एका संगणकीय विषाणूमुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका खाजगी टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकप्रणालीत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेले. यंत्र कितीही बलवान असले, तरी प्रणाली अद्ययावत ठेवणे, परवलीचे शब्द बदलणे आणि कोणाला कोणती मुभा द्यावयाची हे ठरविणे, ही कामे माणसांचीच आहेत. नव्या सर्व्हरमध्ये दुरून देखरेख करण्यासाठी वेगळा भाग असतो. डेल त्याला 'आयड्रॅक' म्हणते, एचपीई 'आयलो', तर लेनोव्हो 'एक्सक्लॅरिटी कंट्रोलर'. त्यायोगे बीडला किंवा पुण्याला बसलेला तंत्रज्ञ चौसाळ्याचे यंत्र तपासू शकतो. पूर्ण सोयींसाठी त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, हे दरपत्रकात पाहून घ्यावे. तो भाग उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. त्याचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलून सीलबंद लखोट्यात, दोन पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवावा. एकाच तंत्रज्ञाच्या डोक्यात संस्थेच्या किल्ल्या असणे धोक्याचे असते.

वीज, उष्णता आणि धूळ

मराठवाड्यात सर्व्हरचा खरा कस लागतो तो येथे. बहुतेक सर्व्हर १० ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनविलेले असतात आणि १८ ते २७ अंश हे तापमान त्यांना मानवते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखालील बंद खोलीत तर त्याहूनही अधिक. सर्व्हर जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. ५०० वॉटच्या उपकरणांसाठी एक टनाचा वातानुकूलक पुरून उरतो. प्रश्न असतो तो वातानुकूलक रात्रंदिवस चालण्याचा. यास्तव दोन लहान वातानुकूलक आळीपाळीने चालविणे श्रेयस्कर. महामार्गालगतच्या गाळ्यात धूळ अखंड येते. खोलीला झडपा, दाराला ब्रश-पट्टी आणि ठरावीक मुदतीने सफाई यांची तरतूद अंदाजपत्रकातच असावी.

दोन वीजपुरवठा संच असलेले यंत्र घेऊन दोन्हींच्या तारा एकाच यूपीएसला जोडल्या, तर त्या यूपीएसच्या बिघाडाबरोबर दोन्ही संच बंद पडतात. निदान दोन स्वतंत्र मार्ग हवेत. वीज गेल्यावर ५०० वॉटचा भार दोन तास चालविण्यासाठी १,००० वॉट-तास लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी कागदावर १,२०० वॉट-तास देते. पण शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिला मारक असते आणि रूपांतरातही काही वीज जाते. म्हणून अशा किमान दोन बॅटऱ्या धराव्यात. बॅटरी उतरू लागताच सर्व्हरला इशारा मिळून तो रीतसर बंद व्हावा, अशी जोडणी करून घ्यावी. अर्धवट नोंदीच्या वेळी अचानक वीज जाणे हे हिशेबाच्या बिघाडाचे मोठे कारण असते. उत्तम भूमिजोडणी म्हणजे अर्थिंग हे तर पहिले कामच समजावे.

दरपत्रकाचे खरे वाचन

आता दोन दरपत्रकांची तुलना करून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. 'अ' या यंत्राची किंमत ३ लाख रुपये असून ते सरासरी ५०० वॉट वीज घेते. 'ब' ची किंमत ३ लाख ६० हजार असून ते ३०० वॉट घेते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे 'अ' ला वर्षाला ४,३८० युनिट लागतील, 'ब' ला २,६२८. फरक १,७५२ युनिटांचा. पाच वर्षांत तो ८,७६० युनिट होतो. युनिटला दहा रुपये धरले, तर वीजबिलात ८७,६०० रुपयांचा फरक पडतो. 'अ' स्वस्त दिसत होते, परंतु पाच वर्षांचा हिशेब मांडताच ते २७,६०० रुपयांनी महाग ठरले. वातानुकूलनाची वीज यात धरलेलीच नाही.

हमीच्या बाबतीतही असेच वाचन करावे. 'तीन वर्षांची हमी' या शब्दांत पुष्कळ अर्थ दडलेले असतात. तंत्रज्ञ संस्थेत येणार की यंत्र सेवा केंद्रात न्यावयाचे? 'दुसऱ्या कामाच्या दिवशी' ही सेवा आपल्या पिनकोडला लागू आहे काय? छत्रपती संभाजीनगर येथून चौसाळा दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. सुटा भाग तेथे असला तरी येईपर्यंत दिवस जातो. नव्व्याण्णव टक्के चालू राहणारी सेवा ऐकावयास चांगली वाटते, परंतु उरलेला एक टक्का म्हणजे वर्षातील साडेतीन दिवसांहून अधिक काळ होय. ते दिवस पीककर्जाच्या हंगामात आले, तर काय होईल याचा विचार करावा. बिघडलेली तबकडी हमीत बदलताना जुनी कंपनीला परत द्यावी लागते आणि तिच्यावर सभासदांच्या नोंदी असतात. थोडी अधिक रक्कम भरून ती आपल्याकडेच ठेवण्याची सोय मिळते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेता ही सोय घेणे शहाणपणाचे ठरेल.

शासकीय व निमशासकीय संस्थांसाठी २०१६ पासून 'जेम' हे केंद्र शासनाचे खरेदी संकेतस्थळ आहे. तेथे खरेदी करा किंवा निविदा मागवा, विनिर्देश कंपनीचे नाव न घेता परंतु नेमके लिहावेत. ते मोघम असतील, तर न्यूनतम दराच्या नियमाने कोणतेही यंत्र गळ्यात पडते आणि मग तक्रारीला जागा राहत नाही. तांत्रिक आणि आर्थिक लखोटे वेगळे मागवून, तांत्रिक कसोटीला उतरलेल्यांचेच दर उघडणे उत्तम.

विकत घ्यावा की भाड्याने?

सर्व्हर गावात ठेवणे हाच एक मार्ग नाही. माहिती केंद्रातील जागा भाड्याने घेण्याची, म्हणजे 'क्लाउड' ची सोय मुंबई आणि पुण्यातील केंद्रांतून मिळते. शासनाच्या सेवा याच तत्त्वावर, राज्याच्या आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या माहिती केंद्रांतून चालतात. ग्रामपंचायतीला यासाठी स्वतःचा सर्व्हर घेण्याचे सहसा कारण पडत नाही. तिला हवी असते ती भरवशाची जोडणी, चांगला संगणक आणि बॅटरी. कार्यालयात "सर्व्हर बंद" असे सांगितले जाते, तेव्हा पुष्कळदा दूरचा सर्व्हर चालूच असतो आणि मधली तार तुटलेली असते. पतसंस्थेलाही भाड्याची सोय परवडू शकते. खोली, वातानुकूलन आणि बॅटऱ्यांची चिंता मिटते. मात्र दरमहा भाडे भरावे लागते आणि जोडणी गेली की सर्व शाखा थांबतात. यास्तव दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्याव्यात. करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हेही करारातच लिहून घ्यावे.

सभेपुढे ठेवावयाचे प्रश्न

वरील विवेचनाचा सारांश म्हणून खरेदीच्या ठरावापूर्वी संचालक मंडळाने किंवा समितीने पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत :

१. काम कोणते, एका वेळी माणसे किती आणि पाच वर्षांनी किती?

२. हिशेबप्रणालीच्या कंपनीने यंत्राची गरज लेखी दिली आहे काय?

३. यंत्र, परवाने, रॅक, यूपीएस, वातानुकूलन, वीज आणि देखभाल यांचा पाच वर्षांचा एकत्रित खर्च किती?

४. बिघाडानंतर तंत्रज्ञ किती तासांत गावात पोहोचेल आणि तोवर काम कसे चालेल?

५. नक्कल कोण घेतो, ती कोठे ठेवतो आणि ती शेवटची केव्हा तपासली?

६. परवलीचे शब्द कोणाकडे आहेत आणि ती व्यक्ती सोडून गेली तर काय?

७. हेच काम भाड्याच्या सोयीवर कमी खर्चात होईल काय?

या सातही प्रश्नांना उत्तर देण्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही. विहिरीवर मोटार बसविताना शेतकरी पाण्याची खोली, तारेची लांबी आणि दुरुस्तीचे गाव विचारतोच. तेवढीच चौकसता येथे दाखवावयाची आहे. सर्व्हरची मजबुती जाहिरातीतील आकड्यांवर ठरत नाही. मे महिन्याच्या दुपारी, वीज गेलेली असताना, रांगेत उभ्या असलेल्या सभासदाला त्याची रक्कम मिळते की नाही, यावर ती ठरते.